निळ्या फुलांचा वाडगा

आमच्या घरात आफ्रिका आली ती दादाच्या पत्रांतून, आणि ती आली की आबा तिची घडी घालून कोनाड्यात ठेवून द्यायचे. पत्रं मी वाचून दाखवायचे, कारण लिहिता-वाचता येणारी घरात मी एकटीच उरले होते; दुसरा होता तो स्वतःच पत्राच्या पलीकडच्या टोकाला बसलेला. रामदास त्याचं नाव, गाव त्याला रामा म्हणायचं, मी दादा. साखर कारखान्यात फिटर म्हणून लागला, तिथल्या एका साहेबाच्या ओळखीनं बोटीत बसला, आणि मोंबासाच्या वरच्या अंगाला समुद्रकाठी टाकाउंगू नावाच्या गावात राहून घायपाताच्या मळ्यावरची यंत्रं सांभाळू लागला. ते नाव मी तीनदा वाचून दाखवलं तेव्हा आबा म्हणाले, “नावच टाकाऊ हाय. आन् घायपात सोलायला इतक्या लांब कशाला जायाचं? आपल्या बांधावर काय कमी हाय?” त्यांचं खोटं नव्हतं. जामखेडच्या आमच्या अंगाला दुसरं काही उगवो न उगवो, घायपात उगवतंच.

दोन वर्षांसाठी म्हणून गेलेल्या दादाला चार वर्षं झाली. प्रत्येक पत्रात ‘पुढच्या पेरणीला नक्की येतो’ असं असायचं, आणि पेरणी त्याच्यावाचून व्हायची. मग तो दुष्काळ पडला. त्याच्याविषयी पुष्कळांनी लिहिलं आहे, मी त्यात भर घालत नाही. इतकंच सांगते की रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरीचा रंग मला अजूनही विटा बघितल्या की आठवतो, आणि त्या दिवसांत कुणाच्या घरी गेलं तर पाय धुवायच्या आधी ‘आत्ताच पानी पिऊन आलोय’ असं सांगून टाकायची आमच्या गावात रीतच पडली होती. आबा बैलांबरोबर छावणीत राहायला गेले होते, आई खडी फोडायला जात होती. अशात दादाचं पत्र आलं, की आई-आबांनी दोन महिने इकडे यावं, बोटीची सगळी व्यवस्था केली आहे.

“बैल सोडून मी सर्गात बी यायचो न्हाई,” आबांनी सांगून टाकलं. त्यामुळे त्यांच्या जागी मी. अकरावी नुकतीच पास झाले होते, पाट्या वाचू शकत होते, एवढीच माझी लायकी. पासपोर्टाच्या फोटोसाठी नगरला गेलो तर फोटोवाला आईला म्हणाला, “बाई, पदर जरा मागं घ्या, कपाळ दिसू द्या.” आई म्हणाली, “माजं कपाळ बघून सरकारला काय करायचंय?” शेवटी दोघांनीही थोडी थोडी माघार घेतली. त्या फोटोत आई सरकारवर खेकसण्याच्या बेतात असल्यासारखी दिसते. तो माझ्याकडे अजून आहे, आणि तिचा यापेक्षा खरा फोटो दुसरा नाही.

आईजवळ घरच्या बाजरीचं बियाणं होतं, एकराला पुरेल एवढं. चांगल्या सालाच्या सुगीत उभ्या रानातून हिंडून तिनं एकेक कणीस हेरलं होतं, मळून, राखेत घोळून जुन्या लुगड्याच्या पिशवीत शिवून ठेवलं होतं. तालुक्याला हायब्रीडच्या पिशव्या यायला लागल्या होत्या, पण तिचा या पिशवीपलीकडे कशावरच विश्वास नव्हता. मिलोच्या दिवसांतही त्या पिशवीला हात लावायची कुणाची छाती झाली नाही. आता मात्र ती दोन महिने घरी नसणार होती. “म्या घरी न्हाई म्हनल्यावर ह्यो मानूस मऊ पडंल,” ती आबांच्या तोंडावर म्हणाली, “कुनाची पोरं रडली की दळून दील.” आबांनी नाकारलं नाही, कारण ते तसेच होते. म्हणून पिशवी आमच्याबरोबर निघाली. एसटीत बसवताना आबा आईला म्हणाले, “पेरनीच्या आत बियानं आन् पोरगा, दोन्ही माघारी घिऊन ये.” आई म्हणाली, “दोन्ही आनते.” आमच्या प्रवासाचं खरं कारण हे असं होतं, पाहुणचार वगैरे नुसतं सांगायला.

समुद्र आईनं पहिल्यांदा मुंबईच्या धक्क्यावर पाहिला. बराच वेळ बघून तिनं विचारलं, “सुमे, हे सगळं कुनाचं?” मी म्हटलं, कुणाचंच नाही. “म्हंजी पडीकच म्हनायचं,” ती म्हणाली, आणि तिथून पुढे तिनं समुद्राला फारशी किंमत दिली नाही. समुद्रानं मात्र नऊ दिवस तिची चांगलीच दखल घेतली. डेकवर अंथरलेल्या वाकळेवर ती पडून होती, पिशवी उशाला, आणि दर दोन तासांनी डोळे उघडून विचारत होती, “आता तरी भुई दिसती का?”

टाकाउंगू म्हणजे खाडीच्या तोंडाशी चढावर वसलेलं गाव. समुद्रातल्या दगडाच्या जाड पांढऱ्या भिंती, वर माडाच्या झावळ्यांची छपरं, दारापुढे बसायला दगडी ओटे, आणि खाली वाळूत शिडाच्या होड्या आडव्या पडलेल्या. भरतीला पाणी अगदी मशिदीच्या पायऱ्यांशी यायचं, ओहोटीला इतकं लांब जायचं की होड्यांपाशी बायका शिंपले वेचत फिरायच्या. दादाची खोली एका मोठ्या अंगणाच्या घरात होती. घरमालकीण विधवा होती, पन्नाशीची, अंगानं भरभक्कम. एक फुलाफुलांचं कापड कमरेला आणि तसंच दुसरं डोक्यावरून. गाव तिला बीबी सलामा म्हणे. आईनं दुसऱ्याच दिवशी तिची सलामाबाई करून टाकली. आणि तिनं व गावानं आईला नाव दिलं ‘मामा रामा’. मी हसून हसून लोळले, पण दादानं सांगितलं की इथे आईला मामा म्हणतात, आणि बाईला तिच्या थोरल्या लेकराच्या नावानं हाक मारायची रीत आहे. “मग आपल्यागतच की,” आई म्हणाली. आमच्या गावातही तिला रामाची आईच म्हणत. तिचं पाळण्यातलं नाव भागीरथी आहे हे मला पासपोर्ट काढताना कळलं.

अंगणात विहिरीशेजारी शेवग्याचं एक झाड होतं. सामान खाली ठेवायच्या आधी आईची नजर त्यावर गेली. “ह्यो कुनी लावला?” तिनं विचारलं. “म्याच,” दादा म्हणाला, “दोन वर्सं झाली. शेंगा लई धरतो.” आई झाडाकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली, मग चूळ भरायला गेली. मला त्यात काहीच वाटलं नाही. मी शेंगांचाच विचार करत होते.

त्या घराचे आवाज मी आजही लावून दाखवू शकेन. पहाटेची बांग, मग खोबरं खवण्याची खरखर. तिथे खवणीला लाकडी बैठक असते, बाई तिच्यावर घोड्यावर बसल्यासारखी बसते आणि पुढच्या दातेरी पात्यावर नारळ फिरवते. सगळ्या अंगणांतून एकाच वेळी तो आवाज सुरू व्हायचा. मग कॉफीवाला यायचा, पितळी किटली एका हातात आणि दुसऱ्या हातात बिनकानाचे इवलेसे कप एकमेकांवर वाजवत. दुपारी सगळं गाव गप्प, फक्त झावळ्या. संध्याकाळी ओट्यांवर गप्पा, आणि जाणाऱ्या-येणाऱ्या प्रत्येकाला ‘करीबू’, म्हणजे या, बसा. आईला या एका शब्दाचा फार लळा लागला. ती कुत्र्यालाही करीबू म्हणायची.

पहिल्याच संध्याकाळी सलामाबाईकडून एक वाडगा आला. इनॅमलचा, पांढरा, कडेनं निळी फुलं, एका ठिकाणी टवका उडालेला. आत नारळाच्या दुधात शिजवलेले दाणे, आणि वर ताटलीत वेलदोड्याचा वास येणारे तिकोनी फुगीर वडे. आईनं चमच्यानं एक दाणा उचलला, उजेडात धरला, दातांखाली फोडला. “सुमे! तूर हाय की गं!” घरापासून नऊ दिवसांवर, परक्या मुलखात तिला ओळखीचं माणूस भेटावं असा तिचा चेहरा झाला होता. आम्ही वाडगा पुसून खाल्ला. मग आईनं तो घासला, आणि ओला वाडगा हातात धरून ती विचारात पडली. आमच्याकडे शेजारणीचं भांडं रिकामं परत देत नाहीत. काही नसलं तर चिमूटभर साखर, तीही नसली तर मिठाचा खडा, पण रिकामं नाही. तिनं डबा उघडून वाडगाभर शेंगदाण्याची चटणी दिली.

दुसऱ्या दिवशी वाडगा परत आला. चटणीनं सलामाबाईच्या डोळ्यांतून पाणी काढलं होतं म्हणे, पण तिनं तो खोबऱ्यात शिजवलेल्या भातानं भरून पाठवला होता. आईनं कुरडया तळून दिल्या. वाडगा आला, त्यात केळी. आईनं पापड दिले. वाडगा आला, त्यात एक अख्खा तळलेला मासा, शेपूट बाहेर. आमच्याकडे मासा म्हणजे बाजारातलं सुकट आणि बोंबील. डोळे असलेला मासा आईनं पहिल्यांदाच पाहिला. “ह्ये माज्याकडं बघतंय,” ती म्हणाली, आणि त्याच्या तोंडावर भाकरीचा तुकडा झाकून मग जेवली. चौथ्या-पाचव्या दिवशी दादानं डोक्याला हात लावला. “आये, अगं थांब आता. ह्यांच्यात बी हीच रीत हाय. रिकामं भांडं ह्या बी देत न्हाईत. तू भरून दिलंस की त्यांना भरून द्यावंच लागतंय. हे संपायचं न्हाई.” आई म्हणाली, “मग? म्या हार मानू?” दादानं तिकडे सलामाबाईलाही हेच समजावून पाहिलं. तिनं काय उत्तर दिलं ते त्यानं आम्हाला सांगितलं नाही, पण तिच्या हसण्याचा आवाज भिंतीपलीकडून आला, त्यावरून तेच असावं.

या सगळ्याच्या मध्ये तिसऱ्या दिवशी एक प्रकार घडला. सकाळी सलामाबाई दारात उभी राहिली, हातात लांब दांड्याची, रुंद पात्याची कुदळ. ती तिनं सरळ आईच्या हातात दिली आणि बाहेर बोट दाखवलं. दादा शरमेनं लाल झाला. त्यांच्यात म्हण आहे, तो अडखळत म्हणाला, की पाहुणा दोन दिवस, तिसऱ्या दिवशी त्याच्या हातात कुदळ द्यावी. पण ती नुसती म्हण, खरंच कुणी देत नाही, सलामाबाईनं थट्टा केली आहे, आये तू राग मानू नकोस. आई कसला राग मानते! “आपल्यात काय येगळं हाय?” ती म्हणाली, “एक दिवस पाव्हना, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी ऱ्हाईल त्याची अक्कल जाई.” आणि नऊवारीचा कासोटा आवळून ती कुदळ खांद्यावर टाकून निघालीसुद्धा. थट्टा करणारी सलामाबाई तिच्या मागे पळत गेली.

सलामाबाईचं रान, तिथे त्याला शांबा म्हणतात, गावामागे घायपाताच्या मळ्याला लागून होतं. पावसाच्या आधीची साफसफाई चालली होती. आई गेली तिथे आणि दोन महिने रोज जात राहिली. सलामाबाई उभ्यानं, कमरेतून वाकून कुदळ मारायची. आई उकिडवी बसून, कुठूनतरी मिळवलेल्या पत्र्याचं खुरपं करून सरकत जायची. दोघी आपापल्या भाषेत एकमेकींची पद्धत कशी चुकीची आहे हे दिवसभर सांगत. भाषेची अडचण मला यायची, कारण मी शिकलेली होते. त्या दोघींना कधी आली नाही. सलामाबाई माती उचलून आईच्या हातावर ठेवायची, आई ती चुरडून वास घ्यायची आणि मान हलवायची, की बरी आहे पण रेताड आहे. दुष्काळात वर्षभर खडी फोडलेले तिचे हात मातीत परत गेले होते. त्या दिवसांत आई चक्क गाणं म्हणायची, अगदी बेसूर.

दादाच्या परत येण्याबद्दल मात्र घरात कुणी बोलत नव्हतं. आई त्याला सरळ विचारत नव्हती, तो सरळ सांगत नव्हता. एका रविवारी तो मला ओहोटीच्या वाळूत फिरायला घेऊन गेला. वाटेत भेटेल तो माणूस त्याला ‘फुंदी’ म्हणून हात करायचा. फुंदी म्हणजे कारागीर, त्यानं सांगितलं. एका म्हाताऱ्यानं होडीची अडकलेली कप्पी त्याच्या हातात ठेवली, त्यानं चालता चालता ती सोडवून दिली. मग वाळूत रेघा मारत तो म्हणाला, “सुमे, मला हितं बरं वाटतं. घरी म्या काय करनार, आबांशेजारी बसून आभाळ बघनार? हितं येक यंत्र बंद पडलं तर धा मानसं माजी वाट बघत्यात. पर आयेला न्हाई म्हनायला माजी जीभ उचलत न्हाई. तू सांग ना.” मी म्हटलं, मी नाही सांगणार. मला आईची भीती वाटत होती हे खरं. पण त्याहून खरं हे की दादा परत यावा असं मलाही वाटत होतं. तो नसताना घरातलं थोरलेपण माझ्यावर येऊन पडलं होतं आणि त्याचा मला कंटाळा आला होता. एवढ्या वर्षांनी लिहायला हरकत नाही. मी गप्प राहिले ते स्वार्थानं.

पाऊस पडून गेला, सलामाबाईची पेरणी सुरू झाली, आणि तिकडे गावाकडची आमची पेरणी जवळ येऊ लागली तशी आई एके दिवशी जेवताना म्हणाली, “रामा, येत्या बोटीची तीन तिकिटं काढ.” दादानं घास गिळला आणि “बरं” म्हणाला. इतकंच. पुढल्या आठवड्यात तिकिटं आली. त्यानं मळ्यावर सांगून टाकलं. त्याच्या जागी दुसरा माणूस अजून मिळाला नव्हता, पण मिळाला असता. संध्याकाळी ओट्यावर त्याला भेटायला माणसं येऊ लागली, आणि तो सगळ्यांशी हसून बोलायचा. दादाचं ते हसणं मला बघवत नव्हतं, तरीही मी बोलले नाही. आई सगळं बघत होती की नाही, मला कळत नव्हतं. ती सामान आवरत होती.

निघायच्या सकाळी मळ्याची लॉरी गावाबाहेर गोरखचिंचेखाली येऊन उभी राहिली. दादानं ट्रंका नेऊन वर चढवल्या. घरात सलामाबाईचा वाडगा आदल्या संध्याकाळपासून होता, खोबरं-शेंगदाण्याच्या वड्या घालून आलेला. आईनं तो घासला आणि डबे उघडले. चटणी कधीच संपली होती. पापड, कुरडया, सांडगे संपले होते. काळा मसाला संपला होता, गूळ संपला होता. बाजरीच्या पिठाचा डबा तिनं उलटा करून आपटला, त्यातून पांढरी धूळ तेवढी उडाली. “आये, साखर घाल मूठभर, आन् चल,” मी म्हटलं, “लॉरी थांबलीय.” “शेवटच्या दिशी साखर?” ती म्हणाली, “तीच माती खांदली दोन म्हयनं तिच्यासंगं, आन् साखर दिऊ?”

एवढ्यात अंगणात पोहऱ्याचा आवाज झाला. दादा परत आला होता. विहिरीतून पाणी शेंदून त्यानं शेवग्याच्या आळ्यात ओतलं, एक पोहरा, दुसरा, तिसरा. त्या झाडाला तेव्हा पाण्याची गरजही नव्हती, पावसानं भुई ओलीच होती. मग तो खोडावर हात ठेवून तसाच उभा राहिला. आमच्याकडे त्याची पाठ होती. आई दारात वाडगा घेऊन उभी होती, तिनं ते सगळं बघितलं.

ती परत आत आली, भिंतीला टेकून खाली बसली आणि माझ्या हातातून ती लुगड्याची पिशवी घेतली. दोन महिने ती खुंटीला टांगलेली होती. तिच्याकडे बघायचीसुद्धा आम्हाला सवय राहिली नव्हती. आईनं शिवणीचा दोरा दातानं तोडला. मी “आये!” म्हणेपर्यंत बाजरी वाडग्यात पडायला लागली होती. राखाडी-हिरवी, टपोरी, राखेचा वास असलेली. वाडगा भरला, तरी ती ओततच होती. वर शीग लागली तेव्हा पिशवी रिकामी झाली. तिनं पिशवी उलटी करून झटकली, कोपऱ्यात अडकलेले चार दाणे बोटानं काढले आणि तेही वर ठेवले.

सलामाबाई तिच्या दारात निरोपासाठी नवी कापडं नेसून उभी होती. आईनं वाडगा तिच्या हातात दिला. तिनं एक दाणा दातांखाली धरला, आणि शिजवायचं का, असं हातानं विचारलं. आईनं जोरानं मान हलवली. पेरताना पाभरीच्या चाड्यावर धरतात तशी मूठ धरून ती अंगणातून चार पावलं चालली, बोटांच्या फटीतून नसलेलं बियाणं सोडत, आणि मग शांबाच्या दिशेनं बोट दाखवलं. सलामाबाईला कळलं. तिचं हसणं थांबलं. तिनं वाडगा दोन्ही हातांनी छातीशी धरला.

दादालाही कळलं. ती पिशवी काय आहे हे तो लहानपणापासून जाणत होता. तो आईच्या हातातल्या रिकाम्या कापडाकडे बघत राहिला.

“रामा,” आई म्हणाली, “तुजी ट्रंक उतरव.”

“का? काय राहिलं का?”

“तू आलास तर ह्या शेवग्याला पानी कोन घालंल?”

लोखंडाशी झटणारा माझा दादा त्या अंगणात लहान पोरासारखा रडला, आणि मीही रडले, थोडी आनंदानं, थोडी लाजेनं. आई रडली नाही. ती दादाला म्हणाली की दर पंधरवड्याला पत्र टाक, खोटी पेरणीची वचनं लिहू नकोस, काय असेल ते लिही. आणि मग लॉरीवाला भोंगा वाजवत होता म्हणून मराठीत त्याच्यावर ओरडत गोरखचिंचेकडे निघाली.

लॉरी हलणार तेवढ्यात चढावरून सलामाबाई धावत आली. तिचं ते भरभक्कम अंग, दोन्ही कापडं वाऱ्यावर, आणि हातात फडक्यात बांधलेला तोच वाडगा. तिनं तो आईच्या मांडीवर टाकला. आईनं फडकं सोडलं. आत बियाण्याची तूर होती, काठोकाठ. आई तिच्याकडे बघून मोठ्यानं हसली. “हारले गं बाई,” ती म्हणाली, “हारले तुज्यापुढं!” आता भरून द्यायला तिच्याजवळ काही नव्हतं, आणि लॉरी सुटली होती. तो वाडगा आज माझ्या स्वयंपाकाच्या ओट्यावर आहे, टवका होता तिथे गंज चढलाय. मी त्यात लसूण ठेवते. रिकामा मी तो कधी ठेवला नाही. परवा नातवानं मोबाईलवर टाकाउंगू काढून दाखवलं, वरून, पाखराला दिसेल तसं. खाडी ओळखली, शेवगा काही दिसला नाही.

आम्ही जामखेडला उतरलो तेव्हा आबा एसटी स्टँडवर उभे होते. छावणीतल्या दिवसांनी ते वाळले होते. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग आईकडे, मग आमच्या मागे एसटीच्या दाराकडे. शेवटचा माणूस उतरून कंडक्टरनं दार लावलं तरी ते तिकडेच बघत होते. आईच्या काखेत नेहमीची पिशवी नव्हती, तेही त्यांच्या लक्षात आलं.

“बियानं कुठाय?” त्यांनी विचारलं. “आन् रामा?”

आईनं पदर सावरला.

“दोन्ही पेरून आले,” ती म्हणाली.

आबांनी ट्रंक उचलून खांद्यावर घेतली, ती नीट बसवली, आणि आम्ही चालू लागलो. स्टँडाच्या बाहेर येऊन रस्ता ओलांडल्यावर ते थांबले, आणि मागे न बघताच त्यांनी विचारलं, “पाऊस पडतो का तिकडं?”

“पडतो,” आई म्हणाली.

“मग उगवंल.”